चौदावं पान

पौषात लग्नं नसतात.
मग गफूरभाई सुपारीला माझ्या हवाली करतो.
"फिरवून आण बाई, उभं राहून पाय सुजतात तिचे."
पाय माझेही सुजतात. ते त्याला ऐकू येत नाही.

आरेत, म्हशींच्या गोठ्यांचा वास जिथं संपतो
आणि हेदूची झाडं सुरू होतात,
तिथं एक वाट आहे, घोड्यांनीच पाडलेली.
माणसांच्या वाटेहून अरुंद आणि खोल.
दोन्ही अंगांना वाळकी कारवी,
वरून विमानं पोटं दाखवत उतरतात.

त्या सकाळी दव इतकं की
सुपारीच्या पापण्याही पांढऱ्या.
ती थांबली. मी लगाम ओढला. ती नाही म्हणाली.
घोडी आधी कानांनी नाही म्हणते.
मला वाटलं, बिबट्या.
पण ती नाक खुपसून हुंगत होती
हेदूच्या बुंध्यातली ढोली,
ढोलीच्या तोंडाशी तीन चपटे दगड, एकावर एक.
दगड आपसूक असे बसत नाहीत.

आत बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
सायकलच्या ट्यूबनं आवळलेला.
डब्यात शंभर पानी वही, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल,
शाईचं पॅड,
आणि खोडरबर कोरून केलेला शिक्का:
घोड्याचा नाल. सात भोकं, त्यातलं एक बुजलेलं.

पहिल्याच पानावर:
"सापडला तर काहीतरी लिहा. नेऊ नका. कुणाला सांगू नका."

तीस वर्षं मी टपालात शिक्के मारले.
रोज सकाळी तारखेचे आकडे चिमट्यानं बदलले,
पत्ता नसलेली पाकिटं वेगळ्या खणात टाकली.
हा अख्खा डबाच त्या खणातला.

वाचत बसले.
"रातवा ऐकला. दोनदा. देवव्रत कोचरेकर."
"बारावी नापास. घरी अजून सांगितलं नाही. झाडाला सांगितलं."
"सुनकी", एवढंच, मोठ्या अक्षरांत,
शेजारी दोन त्रिकोणांची कोंबडी.
कुणी फक्त कोथिंबिरीचा भाव लिहून ठेवलेला
आणि खाली: हद्द झाली.

चौदावं पान दोन्ही बाजूंनी गच्च.
मुंगीएवढं अक्षर, समासातही मजकूर.
मी चष्मा पुसेपर्यंत
सुपारीनं ते ओठांनी उचललं,
टर्रकन फाडलं
आणि शांतपणे खाल्लं.

तिच्या जबड्यात बोटं घातली.
हाती आला एकच ओला शब्द: तरीही.

मग लिहिलं:
"पान चौदा घोडीनं खाल्लं. वाचलेलं नव्हतं. चूक माझी.
कुमुदिनी सावे, निवृत्त."
पॅड सुकलेलं. दवाचं बोट फिरवलं, शिक्का मारला,
सवयीनं तारीख सरळ आली का बघितलं.
तारीख नव्हतीच त्यात.

पुढचे पंधरा दिवस झोप धड नाही.
खात्यात एक पत्र गहाळ झालं तर चौकशी असायची,
तीन प्रतींत खुलासा.
इथं खुलासा कुणाला द्यायचा?
काय असेल त्या पानावर?
कुणाचं आजारपण, कुणाचं प्रेम,
की नुसताच हिशेब?

परत गेले तर दगड तेच, क्रम वेगळा.
माझ्या ओळीखाली मुंगीएवढं अक्षर:
"बरं झालं. चार वर्षं ते फाडायला येत होतो,
हात होत नव्हता.
घोडीला पचलं का?"

सुपारी शेजारीच उभी होती,
कारवीची काडी चघळत, पोट उत्तम.

मी लिहिलं: "पचलं."
पेन्सिल ठेवली. पुन्हा उचलली.
"तिला गूळ आवडतो," एवढं वाढवलं.
तो एक शब्द बटव्यात वाळलाय,
परत हवा का, ते विचारलं नाही.

दगड रचले.
सगळ्यात वरचा मुद्दाम जरा तिरका ठेवला,
कुणीतरी येऊन गेलं
हे कळावं एवढाच.